मधलं तेवढं दिसतं

सुजाताताईंनी पहिल्याच दिवशी एका चहावाल्याला धमकी दिली. निदान त्याला तरी तसं वाटलं. पुण्याहून हंपीला सायकलने निघालेलो आम्ही पाच जण भिगवणच्या पुढे एका टपरीवर थांबलो होतो. बाकीचे दिसेल त्या बाकावर आडवे झाले. ताई मात्र हेल्मेट काढून थेट चहावाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून म्हणाल्या, "थांबा जरा. तुम्हाला बघून घेते." तो बिचारा हातातली गाळणी धरून एक पाऊल मागे सरकला. "काय झालं मावशी? माझं काय चुकलं का?" ताईंनी अजून थोडं पाहिलं आणि मान हलवली. "काही नाही हो. मिशी फार सुंदर आहे तुमची. घेतली बघून." त्यानंतर आमच्या चहात आलं जरा जास्तच पडलं.

आपण मराठी माणसं ‘बघून घेतो’ म्हणतो ते बाह्या सरसावल्यावर. ताई मात्र कशालाही म्हणायच्या. धरणाच्या पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा, टोलनाक्यावरची फुलं माळलेली बाई, रस्त्यात बसलेली म्हैस, ज्वारीच्या शेतावर कलणारं ऊन, सगळ्यांना त्या बघून घेत. सायकल उभी करायच्या, दोन पावलं पुढे जायच्या, मान ताठ ठेवून समोर पाहत राहायच्या. आम्ही त्यांची टर उडवत असू. "ताई, आज कुणाकुणाला बघून घेतलंत?" त्या हसायच्या आणि खरोखरच सगळी यादी ऐकवायच्या, तीही रंगांसकट. म्हैस काळी नव्हती, तपकिरी होती, आणि तिच्या कपाळावर चांद होता, वगैरे.

वय एकसष्ट. पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी हयातभर परिचारिका म्हणून नोकरी केली होती. नवरा गेल्यावर त्यांनी सायकल घेतली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गटात आल्या. गटात आम्ही दोघीच बायका, त्यामुळे मुक्कामाला खोली एक. त्यांचं सामान पलंगाशेजारी एका ओळीत मांडलेलं असे: चष्मा, विजेरी, पाण्याची बाटली, डोळ्यांत घालायच्या थेंबांची कुपी. ती ओळ कुणी मोडलेली त्यांना खपत नसे. एकदा मी माझा मोबाइल मध्येच ठेवला तर म्हणाल्या, "वॉर्डात असं केलं असतंस ना, तर मेट्रननं तुला संडासं धुवायला लावली असती." थेंब कशाचे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "धूळ गं रस्त्याची." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पेशंटशी खोटं बोलू नये. नातेवाइकांशी बोललं तर चालतं." मी त्यावर हसले होते. त्यांनी मला नातेवाइकांत धरलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

सायकल चालवताना त्या कायम माझ्या मागे असत. आमचा म्होरक्या नितीन फार शिस्तीचा माणूस. रोज सकाळी तो क्रम बदलायचा, म्हणजे वारा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येईल. ताई मात्र बधल्या नाहीत. "मी अनघाच्या मागे," एवढंच म्हणायच्या आणि माझ्या मागच्या चाकाला जणू दोरीने बांधल्यासारख्या यायच्या. मी थांबले की थांबायच्या, वळले की वळायच्या. मला आपलं बरं वाटायचं. एवढ्या अनुभवी बाईचा आपल्यावर विश्वास आहे, याची मी मनातल्या मनात जरा मिजासही मारत होते.

मोहोळच्या अलीकडे ती ट्रॉली आली. उसाचे दिवस होते. त्या दिवसांत सोलापूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसतात ते दोन-दोन ट्रॉल्या ओढत, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर लोंबत असतो आणि मागची ट्रॉली शेपटीसारखी डुलत येते. पहिली पुढे गेली की दुसरी येणार, हे या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या पुढे रस्त्याकडेला खडीचा ढीग होता. मी थांबले. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली, आणि हँडलवरच्या आरशात मला दिसलं की ताई सायकल उजवीकडे घालतायत. सरळ दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकांत. मी इतक्या जोराने ओरडले की माझाच घसा सोलून निघाला. त्यांनी ब्रेक दाबला. उसाची पानं त्यांच्या दंडावर ओरखडे काढून गेली.

"ऊन आलं गं डोळ्यांवर," त्या म्हणाल्या. दंडावरचं रक्त त्यांनी परिचारिकेच्या सराईत हाताने पुसलं. नितीनने त्यांना पाणी दिलं, थकवा असेल म्हणाला, उद्या सोलापुरात विश्रांतीच आहे म्हणाला. ऊन आमच्या पाठीवर होतं. आणि ही बाई जन्मली, वाढली सोलापुरात. दुसरी ट्रॉली ती विसरेल कशी, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

सोलापूरची वेस जवळ आली तशी ताईंची भाषा बदलली. पुण्यात इतकी वर्षं घोटून घोटून शुद्ध केलेली, ती पहिल्याच चौकात गळून पडली. लॉजवाल्याला त्यांनी दरडावलं, "गरम पानी हाय का न्हाय ते आधी सांग की, नंतर नाव लिव." तो एकदम सरळ झाला. दुसरा दिवस विश्रांतीचा. नितीनच्या मते विश्रांती म्हणजे पाय भिंतीवर टेकवून पडणे. ताईंनी मला सकाळीच उठवलं. "चल, माझं गाव दाखवते तुला. सगळं बघून घ्यायचंय आज मला." मला वाटलं, गावाची ओढ आहे. सुखाने निघाले.

आधी नवी पेठ. दुकानं नुकती उघडत होती, तरी गर्दी होतीच. ताईंनी माझा कोपर धरला. "गर्दीत हरवशील," म्हणाल्या. पण धरण्यात एक वेगळाच जोर होता. फळांची गाडी त्यांच्या मांडीला लागली. मग एक पोतं. मग मागून एक रिक्षा आली, अगदी त्यांच्या उजव्या अंगाला खेटून. हॉर्न वाजत होता आणि ताई शांतपणे समोर बघत उजवीकडेच सरकत होत्या. मी ओढलं म्हणून वाचल्या. रिक्षावाला डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ अम्मा, देखको चलो ना जरा! मरना है क्या?" ताई मला म्हणाल्या, "बघ, भाषा किती गोड आहे." त्यांचा तळवा घामेजला होता.

एका दुकानात त्यांनी चादरी काढायला लावल्या. दुकानदार घरात तेलुगू बोलणारा, आमच्याशी मराठीत बोलत होता आणि गादीवरून पोराला तेलुगूत हाका मारत होता. एकेक चादर उलगडली जाई आणि ताई तिच्यावर वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून, नक्षीवरून मान फिरवत जात. डोळे नव्हे, मान. आख्खी मान डावीकडून उजवीकडे. त्यांची आई गिरणीत घडी खात्यात होती. विणून आलेल्या चादरींच्या घड्या घालण्यात तिचा जन्म गेला. "ही कमळाची," ताई म्हणाल्या, "ही आमच्या अंगावर असायची. दुसऱ्या दर्जाचा माल, एका कोपऱ्यात धागा तुटलेला." दुकानदाराने विचारलं, "मग ही बांधू का, ताई?" "नको. घ्यायची नाही. बघून घ्यायची होती." दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मीही हसून दाखवलं, पण मला त्या क्षणी काही तरी थंडगार वाटून गेलं. एखादी वस्तू आपण अशी केव्हा बघतो, हा विचार मनात आला आणि मी तो घाईघाईने बाजूला सारला.

भुईकोट किल्ल्यात सकाळचं ऊन उतरलं होतं. काळ्या दगडांची तटबंदी, आत बाग, बाकांवर वर्तमानपत्र वाचणारी म्हातारी माणसं. समोरच्या मैदानात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी मोठे पाळणे उभे राहत होते, त्यांचे नुसते लोखंडी सांगाडे तटावरून दिसत. ताई लहानपणीच्या गोष्टी सांगत होत्या आणि छान सांगत होत्या. शाळेच्या सहलीत बुरुजावर कुणी चप्पल टाकली, बाईंनी कुणाला कोंबडा केला. आम्ही एका बुरुजाच्या पायऱ्या चढलो. पायऱ्या उंच, झिजलेल्या, आणि एका बाजूला भिंत तर दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वर पोचल्यावर त्या पाळण्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्या तिकडं बघ," आणि बोलता बोलता त्यांनी उजवा पाय उचलून हवेत टाकला.

मी त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरला. नुसता धरला नाही, लोंबकळलेच त्याला. आम्ही दोघी दगडावर पडलो. खाली बघितलं तर पार तळाशी फुटके दगड आणि काटेरी झुडपं. ताई हसल्या. "मेले असते की गं!" त्यांचं हसू थांबेना. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला होता. "ताई, तुम्हाला कठडा नाही हे दिसलं नाही का?" "बोलण्यात लक्ष होतं." "काल उन्हामुळे, आज बोलण्यामुळे. उद्या कशामुळे?" त्या उठल्या, कपडे झटकले. "उद्या उद्याचं बघू. शोभाकडे जेवायला जायचंय. चल."

शोभा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. बहीण येणार म्हणून रजा टाकून घरी थांबली होती. गल्लीच्या तोंडाशी निळे झेंडे, दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी फुलं. "जयभीम, अक्का! किती वाळलीस गं!" म्हणत तिने ताईंना मिठी मारली आणि दोघी बहिणी बराच वेळ दारातच एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला उगीचच भरून आलं. गेले दोन दिवस मनावर बसलेलं ओझं जरा हललं.

जेवायला खाली बसलो. कडक भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी आणि तिच्यावर दही. शोभाने ताईंच्या उजव्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला. गप्पा चालू होत्या. ताईंना ठसका लागला. त्यांनी समोर बघतच उजवा हात जमिनीवर ठेवला आणि तो हळूहळू सरकवत पेल्याकडे नेला. बोटांची टोकं पुढे करून नव्हे, तर हात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूने. पेल्याला नखं लागली, तेव्हा हात सुलटा करून त्यांनी पेला उचलला आणि पाणी प्यायल्या.

शोभाच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. "अक्का," ती म्हणाली, "आईगत हात फिरवलालीस तू."

"गप जेव."

"आईगतच. उलटा हात. पेला कलंडू नये म्हणून. अक्का, किती दिसतंय तुला?"

"सगळं दिसतंय. तुझ्या भाजीत मीठ जास्त पडलंय, ते पण दिसतंय."

शोभा हसली नाही. जेवण कसंबसं आटोपलं. ताई जरा आडव्या झाल्या तेव्हा शोभाने मला मागच्या मोरीपाशी बोलावलं. भांडी घासता घासता, नळाच्या आवाजाआड ती बोलत राहिली. त्यांच्या आईला काचबिंदू होता. कडेकडेनं नजर मिटत येते त्यात, दुखत नाही, खुपत नाही. आईने ते कुणालाच सांगितलं नाही. गिरणीत कळलं तर घरी बसवतील म्हणून. "‘दिसतंय की मला’ म्हणायची. लई दिवस असंच चाललं. आमाला कसं कळलं, म्हाइत हाय?" शोभाने साबणाचा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली, चकचकीत. "मी ताटाला हात लावून बसलेले. आईनं उकळती डाळ वाढली. ताटात न्हाय, हातावर." तिने नळ बंद केला. "तवा अक्का नर्सिंगला होती. तिनंच मलमपट्टी केली माजी. तिला सगळं म्हाइत हाय, बाई. आणि तरीबी ती तसंच करायलीय. तिला उद्या सायकलवर बसू देऊ नका. पाया पडते तुमच्या."

संध्याकाळी मी ताईंना सिद्धेश्वरांच्या तळ्याकाठी घेऊन गेले. देवळातून घंटेचा आवाज येत होता, पाण्यावर बदकं होती. त्या नेहमीसारख्या समोर टक लावून बसल्या होत्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर, माझी तळहाताएवढी पाण्याची बाटली उंच धरली आणि हलवली. त्या पाण्याकडेच बघत राहिल्या. मी बाटली पुढे पुढे आणत गेले. जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आली तेव्हा त्या दचकल्या. मग त्यांना समजलं मी काय केलं ते.

"परीक्षा घेतेस माझी?"

"ताई, मला खरं सांगा."

त्यांनी मान परत पाण्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "मधलं दिसतं. कडेचं गेलं. नळीतून बघावं तसं. रस्ता काय, मधेच असतो की."

त्यांना हे कळून दोन वर्षं होत आली होती. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितलं, ती त्यांनी विकली. "सायकलला काय लायसन लागत नाही," म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती दिवस टिकेल ते कुणी सांगू शकत नाही. आईची पुरती गेली तेव्हा ती याच वयाची होती. "आईनं गिरणी सोडून काय पाहिलं होतं? अंधारात बसल्यावर आठवायला तिच्यापाशी काय होतं? नुसत्या चादरी. मी ठरवलं, आपण भरून ठेवायचं. जेवढं मावेल तेवढं बघून घ्यायचं." त्या माझ्याकडे वळल्या, मान आख्खी फिरवून. "हंपीचा दगडी रथ बघायचाय मला. मग बसेन गप."

"मग बसने जाऊ. उद्याच. आपण दोघी. मी येते तुमच्याबरोबर."

"बसच्या खिडकीतनं कडेचंच दिसतं गं," त्या म्हणाल्या. "माझं कडेचंच तर गेलंय." आणि मोठ्याने हसल्या. मी त्यांच्यावर चिडले होते, तरी मलाही हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तेही त्यांना दिसलं असेल की नाही, कुणास ठाऊक.

मग त्यांनी मला ते सांगितलं. माझ्या मागेच का, ते. "तुझी पाठ रुंद आहे आणि तू डोलत नाहीस. नळीत बरोबर मावतेस. तुझी पाठ मला पाठ झालीय, अनघा. तू खड्डा टाळलास की तुझा डावा खांदा आधी खाली जातो. तू घाबरलीस की मान आखडतेस. मला रस्ता बघावाच लागत नाही." इतके दिवस मी ज्याला विश्वास समजत होते ते हे होतं. विश्वासच तो. म्हणजे पुण्यापासून इथपर्यंत, त्या सगळ्या ट्रकांमधून, एका बाईचा जीव मी पाठीवर वाहून आणला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी एकदा जरी चुकले असते तर?

"मी नितीनला सांगणार," मी म्हणाले.

"नाही सांगणार तू."

"सांगणार. तुमच्या समोर सांगणार."

त्यांचा चेहरा बदलला. तसा मी तो कधीच पाहिला नव्हता. अगदी थंड आवाजात त्या म्हणाल्या, "सांगून तर बघ. बघून घेईन तुला." तेच शब्द. पण या वेळी ते चहावाल्याला म्हटलेले नव्हते, माझ्यासाठी होते आणि त्यांचा अर्थ एकच होता.

मी सांगितलं. लॉजवर परतल्यावर, सगळे जेवायला बसायच्या आधी, त्यांच्या समोर. नितीन गोरामोरा झाला. शेवटी एवढंच म्हणाला, "ताई, मोहोळला तुम्ही... मी पुढे होतो, मला काही कळलंच नाही. उद्या तुम्ही नाही. माफ करा, पण नाही." ताईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. "बरं," म्हणाल्या. पोळी मोडून शांतपणे जेवल्या. खोलीत आल्यावर चष्मा, विजेरी, बाटली, कुपी ओळीत मांडली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्यांचं ते ‘बरं’ मला रिक्षाच्या हॉर्नपेक्षा जास्त घाबरवून गेलं. मी दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली उशाखाली ठेवली, आणि मग इतक्या मोठ्या बाईला कोंडून ठेवायची लाज वाटून किल्ली परत कुलपात लावली.

सकाळी जाग आली तेव्हा त्यांचा पलंग रिकामा होता. चादर घडी करून ठेवलेली, चारी कोपरे जुळवून. ओळीतलं काहीच नव्हतं, विजेरीही नव्हती. मी अनवाणी खाली धावले. पाच सायकली साखळीने बांधलेल्या होत्या, त्यातली एक गेली होती. लॉजवाला जांभई देत म्हणाला, "त्या मावशी व्हय? लई वेळ झाला की. मी म्हनलं येवड्या अंधारात कुटं, तर म्हनल्या, पुढं जाते, मागनं येतीलच पोरं."

आम्ही विजापूर रोडने निघालो. त्या रस्त्याने जाताना मी कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही म्हणून सांगू. फटफटत होतं. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक शहराकडे येत होते, दिवे नसलेले, ट्रॉल्यांवर ताडपत्री फडफडत असलेले. रस्त्यावर जागोजाग चुरडलेला ऊस पडला होता आणि प्रत्येक काळ्या ठिपक्यापाशी मी ब्रेक दाबायचे. एकदा रस्त्याकडेला काही तरी निळं दिसलं. ताईंचं जर्किन निळं होतं. नितीन माझ्या आधी तिथे पोचला. खताचं पोतं निघालं. तो सायकलवरच हँडलवर डोकं टेकवून थोडा वेळ थांबला, आणि मग आम्ही पुढे निघालो.

शहराचे दिवे संपतात तिथे बाह्यवळणाचा मोठा चौक आहे. चारी बाजूंनी वाहनं येतात आणि कुणी कुणासाठी थांबत नाही. चौकाच्या अलीकडे, खांबाला टेकवलेली सायकल आणि तिच्याशेजारी उभ्या असलेल्या ताई दिसल्या. सरळ उभ्या होत्या, हेल्मेट डोक्यावर, दोन्ही हात हँडलवर, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. मी सायकल टाकली आणि धावत गेले. त्यांच्या उजव्या बाजूला, श्वास ऐकू येईल इतक्या जवळ जाऊन उभी राहिले. नितीन आणि बाकीचे दोघे वळसा घालून त्यांच्या समोर आले. ताईंना ते दिसले.

"आलात?" त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "अनघा कुठाय रे? ती नाही आली? रागावली का माझ्यावर?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या तिघांच्या पलीकडे, दूरवर रस्त्यात, मान डावीकडे-उजवीकडे फिरवत ताई मला शोधत होत्या. ‘मधलं दिसतं’ म्हणाल्या होत्या. ते मधलंही किती उरलं होतं ते मला आता कळलं, आणि अशा डोळ्यांनी ही बाई माझ्या मागून हमरस्त्याने आली होती.

"मी इथंच आहे, ताई," मी म्हणाले.

त्या दचकल्या. मग त्यांचा हात उलटा होऊन हवेत पुढे आला, बोटांच्या पाठीने माझ्या दंडाला लागला आणि सुलटा होऊन त्याने मला घट्ट धरलं. तो हात बर्फासारखा गार होता.

"इथपर्यंत आले गं," त्या हळूच म्हणाल्या. "खांबांच्या उजेडात आले. पुढे कुणाची पाठच नव्हती. कधीपासून उभी आहे. एक गाडी गेली की दुसरी येते का नाही ते कळत नाही. कुणाला विचारायची लाज वाटली." त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. इतक्या वर्षांत किती माणसांची डोकी मांडीवर घेतली असतील या बाईने. आज चौकात उभं राहून त्यांना एक रस्ता ओलांडता येत नव्हता.

मी त्यांना धरून राहिले. नितीनने त्यांची सायकल हातात घेतली. मागून ट्रकचे हॉर्न वाजत होते, समोर विजापूरचा रस्ता उजळत चालला होता, आणि पाठीशी होता शहराकडे परत जाणारा.

"मला पलीकडे ने, अनघा," ताई म्हणाल्या.

"कुठल्या बाजूला, ताई?"

त्या बराच वेळ समोर बघत राहिल्या. हंपी तिकडेच होती, सरळ, त्यांना दिसत होतं त्याच दिशेला. मग त्यांनी मान आख्खी वळवली, आणि पुण्यात असताना जो शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता तो त्या बोलल्या.

"घरला ने. शोभाकडं."